आवडी : पुस्तकं, कुटुंब, मनोरंजन

कादंबरी लिहून झालेल्या माणसापेक्षा कादंबरी लिहायची असलेला माणूस जास्त सुखी असतो. त्याच्या कादंबरीत मुद्रणदोष नसतात, समीक्षक तिच्यापर्यंत पोचत नाहीत आणि प्रकाशकाच्या गोदामात तिचे गठ्ठे पडून राहत नाहीत. शिवाय भेटेल त्याला ‘सध्या एका मोठ्या लेखनात गुंतलोय’ असं सांगता येतं. या सुखात मी बरीच वर्षं आहे.

त्यात मी नगरचा मराठी ख्रिस्ती. नाव जुन्या करारातलं आणि आडनाव नगर जिल्ह्यातलं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे नवा माणूस भेटला की तो दोनदा चकित होतो. आधी विचारतो, ‘‘तुम्ही ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं चांगलं कसं?’’ पिठलं-भाकरीवर वाढलेल्या आणि पेटी-तबल्यावर देवाची गाणी म्हटलेल्या माणसानं याला काय उत्तर द्यावं? तेवढ्यात कादंबरीचा विषय निघतो आणि तो पुन्हा चकित होतो. ‘‘कादंबरी? ख्रिश्चन लोकांवर? म्हणजे गोव्यातली का?’’

मध्यंतरी एका नाताळ विशेषांकाला मी कथा पाठवली. कथा पसंत पडली, पण सोबत चार ओळींचा लेखक-परिचय हवा असं संपादकांनी कळवलं. प्रसिद्ध पुस्तकं, पुरस्कार वगैरे रकाने मोकळे सोडून मी शेवटी लिहिलं, ‘आवडी : पुस्तकं, कुटुंब, मनोरंजन.’ कागद टेबलावर होता, म्हणजे घरात सगळ्यांनी वाचणं आलंच. बायको म्हणाली, ‘‘अहो, कुटुंब ही काय आवड असते? ते असतंच.’’ थोरला भाऊ म्हणाला, ‘‘मनोरंजन काढून टाक. पाळकसाहेब वाचतील.’’ मुलगी म्हणाली, ‘‘पप्पा, पुस्तकं कापा. सगळेच लिहितात.’’ तिघांचं ऐकलं असतं तर परिचयात नुसतं नाव उरलं असतं. मी काहीच कापलं नाही. माझ्या मते या तीन आवडी नाहीतच, एकच आहे, आणि मराठी ख्रिस्ती कादंबरीकाराला तर त्या तोडून वेगळ्या करताच येत नाहीत.

आधी पुस्तकांचं सांगतो. आमच्या घरच्या फळीवर बायबल, शेजारी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक, त्याच्याखाली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे दोऱ्यानं बांधलेले अंक. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरातच निघालं, याचा आजोबांना असा अभिमान की ते त्यांनी स्वतः काढल्यासारखे बोलत. रोज दुपारी ते पडवीत ‘ज्ञानोदय’ उघडून बसत आणि त्यांची तंद्री पाहून आलागेला माणूस हळू आवाजात बोले. अंकाच्या आत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार असे, हे घरात आजीला आणि मला ठाऊक होतं. आजी कधी बोलली नाही. मी बोललो नाही, कारण पुढचा नंबर माझा होता. धर्म आणि करमणूक एकाच वेळी हातात धरता येतात, हा पहिला धडा मला तिथं मिळाला.

आजोबा काही जगावेगळं करत नव्हते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभच करमणुकीच्या मागणीतून झालेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि इथली भाषा शिकला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली होती. प्रार्थना पाठ झाल्या होत्या, धर्माची प्रश्नोत्तरं पाठ झाली होती, पण त्यांत गोष्ट नव्हती. मग संध्याकाळी ऐकायचं काय? लोकांनी पुराण मागितलं आणि या भल्या माणसानं ते दिलं. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ जवळपास अकरा हजार ओव्यांचं आहे. वाचकांनी मागितलं म्हणून अकरा हजार ओव्या रचणारा एक लेखक, आणि कोणी मागत नसताना पहिल्याच प्रकरणात घोटाळणारा मी, अशी आमच्या परंपरेची दोन टोकं आहेत.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगताना मात्र माझी छाती फुगते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती ‘यमुनापर्यटन’ बाबा पदमनजींची. पदमनजी बेळगावचे. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली त्यांची ही कादंबरी आली. आदल्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला होता, तिकडे उत्तरेत उठावाची धामधूम चालली होती, आणि हा पंचविशीतला तरुण कादंबरी लिहीत होता. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते. ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात, त्यांच्या हालांच्या कहाण्या ती ऐकते. मग तिच्यावरच वैधव्य येतं आणि अखेर ती ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. समाजानं ज्या बायकांकडे पाठ फिरवली होती त्यांच्याकडे मराठी कादंबरीनं जन्मतःच तोंड केलं, हे पदमनजींचं श्रेय. पण एक गोष्ट त्यांच्या वारसानं कबूल केलीच पाहिजे : त्यांची पात्रं बोलता बोलता प्रवचनाला उभी राहतात आणि एकदा उभी राहिली की लवकर बसत नाहीत.

हा वारसा माझ्या मानेवर आहे. आमच्या मंडळीतले एक बुजुर्ग रविवारी उपासना सुटली की मला दारातच गाठतात. ‘‘काय लेखक, कादंबरीत साक्ष आहे ना? प्रभूचं नाव किती वेळा येतं?’’ मी त्यांना एकदा म्हटलं, ‘‘काका, एस्तेरच्या अख्ख्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही.’’ त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘ते पुस्तक बायबलात गेलेलं आहे. तुमचं अजून जायचंय.’’

काकांशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही. पण त्यांच्याच ग्रंथात माझ्या बाजूचे साक्षीदार भरपूर आहेत. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलानं खाली जाऊन त्याला उठवलं, वर येऊन भाकर मोडली आणि पुन्हा उजाडेपर्यंत भाषण केलं. पौलाला ती सोय होती. कादंबरीकाराचा वाचक एकदा पडला की पडला. म्हणून मी टेबलासमोर युतुखाचं नाव लिहून चिकटवलं आहे. पात्राचा संवाद अर्ध्या पानापलीकडे गेला की मी त्या नावाकडे बघतो.

आणि नाथान संदेष्टा? दावीद राजाला त्याचं पाप तोंडावर सांगायचं होतं. नाथानानं उपदेश केला नाही. एका गरिबाची एकुलती एक मेंढी आणि ती हिसकावून घेणारा श्रीमंत, एवढी गोष्ट सांगितली. राजा इतका रंगला की त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा ठोठावून मोकळा झाला, आणि मग त्याला कळलं की तो श्रीमंत आपणच. स्वतः प्रभूनंही लोकांना दाखले दिले, म्हणजे गोष्टीच सांगितल्या. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा परत येतो, मेजवानी होते, थोरला रुसून बाहेर उभा राहतो आणि बाप त्याची समजूत घालायला येतो. पुढे थोरला आत गेला का? ते सांगितलेलंच नाही. इतका धीट शेवट करायला मी आणखी किती दिवस घेईन कुणास ठाऊक.

आता कुटुंब. माझं बायबलचं शिक्षण रविवारच्या शाळेत थोडं आणि आजीच्या रागात जास्त झालं. तिला अक्षरओळख बेताची, पण जुना आणि नवा करार तोंडात. सामान आणायला पाठवलं आणि मी भलतीकडेच रेंगाळलो की ‘‘आला बघा योना! निनवेला धाडला आणि तार्शीशला गेला.’’ आत्या सासरी जाताना दारात घुटमळली की ‘‘चल आता, लोटाच्या बायकोवानी मागं बघू नको.’’ भावानं भाजीत मीठ आहे का विचारलं की ‘‘बोट घालून बघ, थोमा.’’ मोठेपणी बायबल सलग वाचायला घेतलं तेव्हा माझी मोठी पंचाईत झाली. योना, लोट, थोमा ही सगळी माणसं आमच्या गल्लीतली नाहीत, यावर विश्वास बसेना.

आजीचा वारसा आता बायकोकडे आहे, फक्त तिची पद्धत मवाळ आहे. कादंबरी कधी पुरी होणार, असं तिनं मला कधीच विचारलं नाही. एकदा भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, ‘‘मथुशलह नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला. सगळ्यांनाच तेवढी मिळत नाहीत.’’ तिला मी एकदा एक प्रकरण वाचून दाखवलं. माझ्या मते त्या प्रकरणात नायकाच्या मनातल्या श्रद्धा आणि संशयाच्या झगड्याचं फार खोल चित्रण होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘‘तुमच्या कादंबरीत स्वयंपाक कोण करतं?’’ मी पानं चाळली. कोणीच करत नव्हतं. नायक, त्याचे वडील, पाळकसाहेब आणि दोन विचारवंत मित्र ही सगळी मंडळी कित्येक दिवस उपाशीपोटी झगडत होती. दुसऱ्या दिवशी मी नायकाच्या आईला चुलीपुढं बसवलं. ती पहिलंच वाक्य असं बोलली की दोन्ही विचारवंत मित्र घरी निघून गेले. त्यानंतर प्रकरण हलायला लागलं.

नातेवाईकांचा पुरवठा ही आमची खरी श्रीमंती. नाताळात घरोघर जायचं, करंजी खायची, चिवडा खायचा, प्रार्थना करायची आणि कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं ते ऐकून घ्यायचं. मी लिहितो हे कळल्यापासून आमच्या लोकांचे दोन तट पडले आहेत. काही जण मला बघून एकदम गप्प होतात. काही जण खुर्ची ओढून जवळ येतात आणि ‘‘हे तुझ्या पुस्तकात घालू नको बरं का’’ म्हणून सगळं तपशीलवार सांगतात. आत्या डबा हातात देताना म्हणाली, ‘‘मला घातलंस तर जरा बारीक दाखव.’’

अशा घराला पुस्तकात कसं आणायचं, हे मराठीत एका बाईनं दाखवून ठेवलं आहे, आणि तिनं आमच्या नगरात संसार केला. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यानंतर काही वर्षं लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, पुन्हा एकत्र आल्या आणि अखेर १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत त्याच वाटेवर गेल्या. त्यांच्या आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली, तोवर त्यांनी साठी ओलांडली होती. किती दुःख आहे त्यात! पण दुःखाच्या ऐन मध्यावर या बाईला गंमत दिसते. वडिलांचं कडक सोवळं, नवऱ्याचा लहरीपणा, त्याचं हातचं देऊन टाकणं, घरात शिल्लक नसताना येणारे पाहुणे, मुलासारखा घरात राहिलेला बालकवी ठोमरे, सगळ्यांना ती हसते आणि सगळ्यांत जास्त स्वतःला. जातीचा विटाळ आपल्या मनातून कसा गेला, हेही ती सांगते. पण सांगताना कुठंही व्यासपीठावर चढत नाही. वाचणारा हिंदू असो की ख्रिस्ती, तो तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेला असतो.

टिळकांनी अपुरं सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पुढं लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं. ही माहिती मी घरात मोठ्या कौतुकानं सांगितली. बायको म्हणाली, ‘‘माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका.’’

राहिलं मनोरंजन, ज्याला भाऊ भितो. हाच भाऊ नाताळच्या नाटकात वर्षानुवर्षं हेरोद व्हायचा. त्या नाटकात योसेफ व्हायला कोणी तयार नसतं, कारण योसेफाला वाक्यं नाहीत. गब्रिएल दूताच्या पंखांची चमकी पहिल्याच प्रवेशात गळते. मागी लोक फेट्यांवरून भांडतात. मेंढपाळांचा मात्र आमच्याकडे थाट असतो. घोंगडी भाड्यानं आणावी लागत नाही, नगर जिल्ह्यात ती घरोघर आहे, आणि एका वर्षी तर खरं कोकरू आणलं होतं. त्यानं ऐन शांत रात्रीच्या प्रवेशात असा काही सूर लावला की पेटीवाल्यानं पट्टी बदलून त्याला साथ केली. पण टाळ्या घ्यायचा हेरोदच. भाऊ मिशा पिळत सिंहासनावरून उठला की पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या मागं दडायची. कादंबरीला चांगला खलनायक लागतो, हे मला समीक्षेच्या कुठल्याही पुस्तकाआधी हेरोदानं शिकवलं.

सिनेमावर तर उलट आमचंच ऋण आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलताना बघून त्यांच्या मनात आलं, आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी येणार? त्या ध्यासातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि आपल्याकडच्या सिनेमाचा संसार थाटला गेला. म्हणून करमणुकीवर कोणी नाक मुरडलं की मी फाळक्यांचं नाव काढतो. पुढं ख्रिस्ताच्या जीवनावरचाच ‘दयासागर’ हा सिनेमा आला. खेड्यात मैदानावर पांढरा पडदा बांधून तो दाखवायचे. जागा नसेल ते पडद्यामागं बसून उलटा बघायचे आणि वधस्तंभाच्या प्रसंगाला दोन्हीकडचे सारखेच रडायचे.

एक तक्रार मात्र आहे. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस आमच्या नात्यातला वाटत नाही. तो समुद्राकाठी राहतो, गिटार वाजवतो, संकट आलं की रिकाम्या चर्चमध्ये जाऊन एकटाच मोठ्यानं बोलतो. आमचं चर्च रिकामं कधी सापडणार? तिथं सतरंजी घालणारे, हिशेब तपासणारे आणि गाण्याची तालीम करणारे कोणी ना कोणी असतंच. ‘अमर अकबर अँथनी’तला अँथनी ईस्टरला भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो. आमच्या मंडळीत असं कोणी आलेलं माझ्या पाहण्यात नाही. तरी तो सिनेमा लागला की आम्ही सगळे कामं टाकून बसतो आणि अँथनीची गाणी भाऊ हेरोदाच्या आवाजात म्हणतो. खरी गंमत अशी की त्यांतल्या एका गाण्यातलं नाव एका खऱ्या माणसाचं आहे. अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे मोठे वादक, संगीतकार प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. पडद्यावरचा अँथनी सगळ्यांना ठाऊक आहे, व्हायोलिन शिकवणारा फार थोड्यांना. कादंबरीला जागा आहे ती इथंच.

कारण ज्याला ज्वारीचा भाव माहीत आहे, जो एसटीच्या स्टँडवर ‘सलाम’ म्हणून पाळकसाहेबांना वाकतो, ज्याच्या आईचं ओवीबद्ध गाणं आणि बायबलची वचनं एकमेकांत मिसळून गेली आहेत, असा मराठी ख्रिस्ती माणूस पडद्यावर नाही आणि पुस्तकांतही क्वचितच आहे. त्याला पुस्तकात आणायचा तर त्याच्या हातात फलक देऊन चालणार नाही. त्याची भूक, त्याची भांडणं, त्याचा हेरोद आणि त्याचं कोकरू सगळं आलं पाहिजे. श्रद्धा त्यात असेलच. आमच्या घरात ती दळणाच्या पिठात आणि नाताळच्या नाटकात आहे, मग पानात वेगळी कशाला सांगावी लागेल? काकांना हे पटणार नाही, पण छापून आल्यावर पहिली प्रत तेच विकत घेतील आणि प्रभूचं नाव पेन्सिलनं मोजतील, याची मला खात्री आहे.

पदमनजींनी आम्हांला कादंबरी दिली आणि लक्ष्मीबाईंनी हसू दिलं. होतकरू ख्रिस्ती कादंबरीकारानं पहिल्यांचा आदर करावा आणि दुसरीचं ऐकावं, असं माझं मत झालं आहे. कादंबरी आधी घरच्यांना वाचून दाखवावी. त्यांना तिच्यात आपलं घर ओळखू आलं, ते हसले आणि मधेच कुणी डोळे पुसले, तर ती पुढं न्यावी. ते पेंगायला लागले तर खिडक्या बंद कराव्यात आणि प्रकरण पुन्हा लिहावं.

तर वाचकहो, माझी कादंबरी यायला अजून वेळ आहे. तोवर ‘स्मृतिचित्रे’ वाचून घ्या, आणि वाचली असतील तर पुन्हा वाचा. त्यानंतरही मराठी ख्रिस्ती घराबद्दल आणखी काही वाचावंसं वाटलं, तर कळवा. मागणी आली की आमच्याकडे अकरा हजार ओव्या लिहायची परंपरा आहे.